मॉलमधील बालआरोग्य-व्याख्यान : आयोजक आणि वक्ते यांच्यासाठी काही सूचना

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रातील वक्त्यांची अशी एक ठाम समजूत होऊन बसली आहे की, श्रोता हा व्याख्यान ऐकण्याच्याच हेतूने घरून निघतो, वेळेवर येतो, खुर्चीत बसतो आणि आभारप्रदर्शन संपेपर्यंत उठत नाही. ज्या संस्थेला किंवा ज्या डॉक्टरांना बालकांच्या आजारांविषयीचे व्याख्यान शहरातल्या एखाद्या मॉलमध्ये ठेवावयाचे आहे, त्यांनी ही समजूत प्रथम बाजूला ठेवावी. मॉलमधला माणूस खरेदीसाठी, सिनेमासाठी, किंवा उकाड्याच्या दिवसांत दोन घटका गारव्यात फिरण्यासाठी आलेला असतो. त्याच्या एका हातात पिशव्या आणि दुसऱ्या हातात मुलाचे मनगट असते. आणि वक्त्याने बोलण्यास आरंभ केल्यावर तो थांबला तर ती त्याची मेहेरबानी असते, वक्त्याचा हक्क नव्हे.

असे असूनही ही जागा टाकाऊ नाही. पाच वर्षांखालील मुलांचे तरुण आईबाप आरोग्याच्या व्याख्यानाला सभागृहात क्वचितच येतात. तेथे बहुधा निवृत्त मंडळी येतात, आणि त्यांच्या घरी तान्हे मूल असलेच तर ते नातवंड असते. याउलट शनिवार-रविवारच्या सायंकाळी मॉलमध्ये हेच तरुण आईबाप आपण होऊन, मुलांसह, आणि पुष्कळदा आजी-आजोबांनाही बरोबर घेऊन येतात. तेव्हा प्रश्न जागेचा नसून पद्धतीचा आहे. पद्धतीविषयी जे सांगावयाचे, त्याचे सार एवढेच की, अशा व्याख्यानाचे यश किती माणसे थांबली यावर मोजू नये. त्या दिवसानंतर घरात मूल आजारी पडले असता त्या माणसांच्या हातून योग्य कृती घडेल की नाही, यावर मोजावे. पुढील सर्व सूचना या एका कसोटीतून निघालेल्या आहेत.

विषय एकच घ्यावा

आयोजकांच्या बैठकीत विषयाची निवड करताना असा अनुभव येतो की, प्रत्येक सभासद एकेक आजार सुचवतो, कोणालाही नाही म्हणणे जिवावर येते, आणि अखेर लसीकरण, कुपोषण, डेंग्यू, दमा, स्थूलपणा आणि मोबाइलचे वेड अशी सहा प्रकरणे एकाच फलकावर येतात. बाराव्या मिनिटाला उठून जाणाऱ्या श्रोत्याच्या पदरात त्यांतले एकही पडत नाही. म्हणून विषय एकच घ्यावा, आणि तो असा घ्यावा की, ज्याचा उपाय सामान्य माणसाच्या हाती आहे, जो डोळ्यांसमोर करून दाखविता येतो, आणि ज्यात थोडीशी चूकही घातक ठरू शकते.

या तिन्ही अटी उत्तम प्रकारे पुऱ्या करणारा विषय म्हणजे लहान मुलांचे जुलाब. नवजात अवस्था ओलांडलेल्या पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत अतिसाराची गणना जगभर आजही होते. आणि हा मृत्यू बहुतेक वेळा जंतूंमुळे साक्षात होत नसून शरीरातून पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे होतो, व ते वेळीच भरून काढले तर टळतो. आपल्याकडे पावसाळ्यात दूषित पाण्यामुळे जुलाबांचा जोर वाढतो, तर रोटाव्हायरस या विषाणूमुळे होणाऱ्या जुलाबांचा जोर थंडीच्या कोरड्या महिन्यांत अधिक दिसतो. त्यामुळे व्याख्यानासाठी जूनचा आरंभ आणि नोव्हेंबरची अखेर हे दोन काळ सोईचे होत. पहिला जमला नाही तर २९ जुलै हा जलसंजीवनीचा, म्हणजे जुलाबात पाजावयाच्या मीठ-साखरेच्या द्रावणाचा (ओआरएसचा), दिन म्हणून पाळला जातो, त्याच्या आसपासचा आठवडा धरावा.

सांगण्याची कथा

मॉलमध्ये शास्त्र सांगावयास वेळ नसतो हे खरे; पण शास्त्र मुळीच न सांगितले तर श्रोत्याचा इतबार बसत नाही, कारण मीठ, साखर आणि पाणी यांच्यासारख्या क्षुल्लक वस्तूंनी प्राण वाचतात यावर पैसे मोजून औषध घेण्याची सवय असलेल्या माणसाचा विश्वास सहजासहजी बसत नाही. म्हणून वक्त्याने दोन मिनिटांत दोन गोष्टी सांगाव्यात.

पहिली गोष्ट आतड्याची. जुलाब चालू असतानाही आतड्याची एक शक्ती शाबूत असते : ग्लुकोज आणि मिठातील सोडियम हे बरोबर असले, की आतड्याचे अस्तर त्या दोहोंना मिळून आत घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत येते. नुसते पाणी पाजले तर क्षार भरून येत नाहीत. नुसती साखर फार घातली तर ती आतड्यात उलट पाणी ओढून जुलाब वाढविते. सगळे मर्म प्रमाणात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली सुधारून दिलेल्या प्रमाणानुसार ओआरएसच्या पुडीत एक लिटर पाण्यासाठी २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. हे आकडे पाठ करून घेण्यासाठी सांगावयाचे नाहीत. पुडीत काय आहे आणि ते मोजूनमापून का भरलेले आहे, एवढे श्रोत्याला उमजावे म्हणून सांगावयाचे.

दुसरी गोष्ट बनगावची. १९७१ साली पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित भारतात आले, आणि सीमेजवळच्या बनगाव येथे पटकीची साथ उसळली, तेव्हा शिरेतून द्यावयाचे द्रावण अपुरे पडू लागले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेथे ग्लुकोज, मीठ आणि सोड्याचे मिश्रण पाण्यात कालवून ते पिंपांतून उपलब्ध करून दिले, आणि आजाऱ्याच्या नातेवाइकांनीच ते त्याला पाजत राहावे अशी व्यवस्था केली. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले. १९७८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने, साखर आणि क्षार यांचे हे नाते उलगडले जाणे हा कदाचित या शतकातील सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, अशा आशयाचा अभिप्राय दिला. आणि २०२३ साली डॉ. महालनबीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. श्रोत्यांनी या कथेतून ध्यानात घ्यावयाचा भाग असा की, तेथे औषध पाजणारे हात डॉक्टरांचे नव्हते, आईबापांचे, भावाबहिणींचे होते. आणि जे छावणीतल्या चिखलात साधले, ते स्वतःच्या स्वयंपाकघरात साधण्यास कोणतीच हरकत नसावी.

जागेचा बंदोबस्त

मॉलच्या व्यवस्थापनाकडून परवानगी लेखी घ्यावी, आणि तीत तारीख, वेळ, जागेची लांबी-रुंदी, वीज, पिण्याचे पाणी, टेबलांची संख्या व ध्वनिवर्धकाची मर्यादा यांचा तपशील असावा. सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी तजवीज म्हणजे, तेवढ्या वेळापुरते मॉलमधील संगीत त्या भागात बंद ठेवण्याची. उंच छताखालच्या मधल्या चौकात आवाज घुमतो, शब्द एकमेकांत मिसळतात, आणि वक्ता ओरडू लागला की लोक दूर सरकतात. म्हणून शक्य असल्यास मधला चौक सोडून, मुलांच्या खेळण्याच्या जागेलगतचा एखादा कोपरा मागून घ्यावा. तेथे आईबाप नाहीतरी मूल खेळून होईपर्यंत ताटकळत बसलेले असतात, आणि त्यांना ऐकण्यास फुरसत असते. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी किंवा आपत्कालीन दरवाज्याच्या वाटेवर गर्दी जमेल अशी जागा, व्यवस्थापनाने देऊ केली तरी, नामंजूर करावी.

एक तासाचे एक व्याख्यान ठेवण्याऐवजी बारा मिनिटांचे तेच व्याख्यान दर अर्ध्या तासाला पुन्हा द्यावे, आणि मधल्या अठरा मिनिटांत श्रोत्यांनी टेबलापाशी येऊन स्वतः कृती करावी. वक्ते दोघे असावेत, म्हणजे एक बोलत असताना दुसऱ्याला टेबलाकडे लक्ष देता येते. भाषण मराठीत असावे; मात्र मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत मॉलमधील श्रोतृवर्ग संमिश्र असतो हे लक्षात घेऊन मुख्य चार मुद्दे हिंदीतही सांगण्याचा शिरस्ता ठेवावा.

पुरस्कर्त्यांच्या बाबतीत एक स्पष्ट इशारा देणे अगत्याचे आहे. मॉलमध्ये कार्यक्रम म्हटला की, फलकाच्या कोपऱ्यात कोणाचे तरी बोधचिन्ह, आणि टेबलावर कोणाचे तरी नमुने, ही मागणी आलीच. परंतु १९९२ च्या कायद्याने, आणि त्यात २००३ साली झालेल्या दुरुस्तीने, बालकांच्या दुधाची भुकटी, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि बालआहार यांच्या उत्पादकांनी व विक्रेत्यांनी आरोग्यसेवकांना अथवा त्यांच्या संघटनांना परिसंवाद, सभा वगैरेंसाठी पैसा पुरविण्यास मनाई केली आहे. तेव्हा अशा कंपनीचा पैसा, तिचे नमुने, किंवा तिच्या नावाची पिशवी यांतले काहीही स्वीकारू नये. शीतपेयांच्या विक्रेत्याला कायदा याच शब्दांत आडवा येत नसला, तरी जुलाबांवरील व्याख्यानाच्या फलकावर त्याचे नाव असणे हे वक्त्याच्या तोंडचे शब्द त्याच्याच पाठीमागे खोडून टाकण्यासारखे होईल.

टेबलावर काय असावे, आणि काय करून दाखवावे

टेबलावर एक लिटरच्या खुणेचे पारदर्शक भांडे, उकळून गार केलेले पाणी, ओआरएसच्या मोठ्या आणि लहान अशा दोन्ही पुड्या, चहाचे चमचे, वाटी, आणि पाणी पिण्याचे घरगुती पेले एवढे असले म्हणजे पुरे. पडद्यावरची चित्रे नसली तरी चालतील. हात धुण्यासाठी साबण आणि पाणी यांची सोय मात्र जवळ असावी, कारण पहिली कृती तीच आहे.

त्यानंतर पुडी दाखवावी, आणि श्रोत्यांपैकी एखाद्याला ती वाचावयास सांगावी. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, लहान पुडी साधारणतः २०० मिलिलिटरसाठी. आणि घरोघरी होणारी सर्वांत मोठी चूक अशी की, मोठी पुडी थोडी थोडी करून पेलाभर पाण्यात घातली जाते, किंवा संपूर्ण पुडी एकाच पेल्यात ओतली जाते. पहिल्या प्रकारात प्रमाण प्रत्येक वेळी बदलते. दुसऱ्या प्रकारात द्रावण इतके तीव्र होते की ते मुलाला अपाय करते. पुडी एकदा फोडली की ती सगळी, आणि तिच्यावर लिहिलेल्या पूर्ण पाण्यातच, विरघळवावी, त्यात दूध, साखर, सरबत किंवा फळांचा रस मिसळू नये, कालवल्यानंतर ते उकळू नये, झाकून ठेवावे, आणि २४ तासांनंतर उरलेले ओतून देऊन नवे करावे.

पुडी हाताशी नसेल तेव्हा, आणि ती मिळेपर्यंतच, एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ हे प्रमाण सांगावे. येथे ‘सपाट’ या शब्दावर वक्त्याने जोर द्यावा, चमच्यावरून सुरीची पाठ फिरवून तो सपाट करून दाखवावा, आणि मीठ जास्त झालेले द्रावण मुलाला धोक्याचे असते याची सक्त ताकीद द्यावी. केलेले द्रावण मोठ्या माणसाने आधी चाखून पाहावे. ते अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

किती पाजावे, हा प्रश्न आई हमखास विचारते, आणि ‘भरपूर’ हे त्याचे उत्तर नव्हे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा पेला, आणि दोन वर्षांवरील मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा ते एक पेला. हे २०० मिलिलिटरच्या पेल्याचे माप झाले. श्रोत्यांच्या घरचा पेला किती मोठा आहे हे त्यांनी घरी जाऊन एकदा मोजून पाहावे, असे सुचवावे. बाटलीने पाजू नये. चमच्याने किंवा वाटीने, घोटघोट पाजावे. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून, मग पूर्वीपेक्षा सावकाश, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा असे पुन्हा सुरू करावे. पुष्कळ घरांत पहिल्या उलटीलाच हा उपचार सोडून दिला जातो, म्हणून हा मुद्दा दोनदा सांगितला तरी पुनरुक्तीचा दोष लागत नाही.

याच्या जोडीला जस्ताची, म्हणजे झिंकची, गोळी सांगावी. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या मुलाला १० मिलिग्रॅम याप्रमाणे ती १४ दिवस द्यावयाची असते. ती चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात विरघळते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्यांचे चौदा दिवस पुरे करावयाचे असतात, कारण त्यामुळे आजाराचा काळ आणि जोर कमी होतो, इतकेच नव्हे तर पुढील काही महिन्यांत जुलाब पुन्हा होण्याची शक्यताही घटते. ओआरएस आणि झिंक आशा कार्यकर्तीकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रात व सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात, ही माहिती मॉलमध्ये सांगणे अनावश्यक आहे असे समजू नये. तेथे फिरणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती नसते.

दवाखान्यात केव्हा धाव घ्यावी

धोक्याच्या खुणा सांगताना वक्त्याने आवाज चढवू नये, आणि यादी लांबवू नये. मूल काहीच पीत नसेल किंवा अंगावर ओढत नसेल. सारखे ओकत असेल. सुस्तावले असेल, किंवा हाक मारूनही नीट जागे होत नसेल. डोळे खोल गेले असतील, किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली असता ती सावकाश पूर्ववत होत असेल. शौचात रक्त असेल. सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल. अथवा ताप फार असेल, तर तत्काळ दवाखाना गाठावा, आणि वाटेत पाजणे थांबवू नये. मूल दोन महिन्यांच्या आतले असेल तर यांतल्या कोणत्याही खुणेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. बाकीच्या बहुसंख्य मुलांचे जुलाब घरच्या उपचाराने काही दिवसांत आटोक्यात येतात, हेही त्याच स्वरात सांगावे, म्हणजे आईबाप निष्काळजी होणार नाहीत आणि घाबरणारही नाहीत.

त्याच मॉलमध्ये विकली जाणारी पेये

श्रोत्यांपैकी अनेकांच्या हातात त्या क्षणी रंगीत पेयांचे पेले असतील. त्यांच्याकडे बोट न दाखवता, पण काहीही न लपविता, या विषयाला हात घातला पाहिजे. कोलासारख्या पेयांत दर १०० मिलिलिटरला सुमारे १० ग्रॅम साखर असते, आणि ओआरएसमध्ये तेवढ्याच पाण्यात दीड ग्रॅमहूनही कमी ग्लुकोज असते. जुलाब लागलेल्या मुलाला शक्ती यावी म्हणून कोला, डबाबंद फळांचा रस किंवा खेळाडूंसाठीचे पेय पाजणे म्हणजे त्याच्या आतड्यात आणखी पाणी ओढून घेणे होय.

अधिक फसवे प्रकरण निराळेच होते. नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे असलेली, परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाशी काहीही संबंध नसलेली गोड पेये औषधांच्या दुकानांतून आणि इतरत्र वर्षानुवर्षे विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, अशा खाद्यपेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास पूर्वी दिलेली मुभा काढून घेतली. तरी हुकूम निघाला म्हणून सावधगिरी संपत नाही. पाकिटावरचे मोठे नाव न वाचता मागील बाजूचा बारीक मजकूर वाचण्याची, आणि त्यात वर सांगितलेले चार घटक त्याच प्रमाणात आहेत की नाहीत हे पाहण्याची सवय श्रोत्यांना लावावी. हे शिकविण्यास मॉलइतकी योग्य जागा नाही, कारण बाजूच्याच दुकानातून बाटल्या आणून त्यांवरील साखरेचे आकडे तेथल्या तेथे वाचून घेता येतात.

प्रश्नोत्तरांतील पथ्ये

भाषण संपताच प्रश्न सुरू होतात, आणि त्यांतले निम्मे दरवेळी तेच असतात. दात येतात म्हणून जुलाब होतात का? तोंडात हात आणि वस्तू घालण्याचे वय आणि दात येण्याचे वय एकच असल्यामुळे तसे भासते. दात येत असले तरी उपचार तोच. दूध बंद करावे का? अंगावरचे दूध मुळीच बंद करू नये, उलट अधिक वेळा पाजावे. आणि सहा महिन्यांवरील मुलाला नेहमीचे अन्न थोडे थोडे, अधिक वेळा द्यावे. जुलाब ताबडतोब थांबविणारी गोळी द्यावी का? लहान मुलांना अशा गोळ्या देऊ नयेत. अँटिबायोटिक? जुलाबांची बहुतेक प्रकरणे विषाणूंमुळे होतात किंवा आपोआप बरी होतात. ते औषध कोणाला लागते हे डॉक्टरांनी ठरवावे, दुकानदाराने नव्हे. सलाइन लावल्याने लवकर बरे वाटत नाही का? ज्याला पिता येते त्याला पाजणे पुरते. सलाइन हे गंभीर अवस्थेतल्या मुलासाठी राखून ठेवावे.

उत्तरे देताना एक पथ्य विशेष सांभाळावे. सुनेसमोर सासूला किंवा लेकीसमोर आईला खोटे पाडू नये. मीठ घातलेली भाताची पेज, वरणाचे पाणी, पातळ ताक हे आजीबाईंचे उपाय सहा महिन्यांवरील मुलांसाठी योग्यच आहेत, हे प्रथम मान्य करावे. आणि मग ‘पोटाला आराम हवा म्हणून लंघन’ हा एकच भाग वगळावा, असे नम्रपणे सांगावे. ज्या घरात निर्णय आजींच्या हातात आहे, तेथे आजींना पटलेली गोष्टच अमलात येते. दुसरे पथ्य असे की, व्यासपीठावर दवाखाना उघडू नये : कोणी आपल्या मुलाचे कागद पुढे केले तर सर्वांदेखत निदान करू नये, त्याला बाजूला घेऊन त्याच्या डॉक्टरांकडे किंवा जवळच्या दवाखान्यात जाण्यास सांगावे. मुलांची छायाचित्रे आईबापांच्या संमतीवाचून काढू नयेत.

शेवटची दोन मिनिटे आजार टाळण्याविषयी द्यावीत : शौचानंतर, मुलाची शी धुतल्यानंतर आणि भरविण्यापूर्वी साबणाने हात धुणे, सहा महिन्यांपर्यंत निव्वळ आईचे दूध, आणि ६, १० व १४ आठवड्यांच्या वयात द्यावयाची रोटाव्हायरसची लस, जी सरकारी लसीकरणात विनामूल्य मिळते, आणि जिच्या उत्पादकांपैकी एक संस्था पुण्याचीच आहे.

न दिसणारा श्रोतृवर्ग

१९९९ साली मुंबईत ‘क्रॉसरोड्स’ हा मॉल उघडला, तेव्हा आरंभी मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड जवळ नसलेल्यांना दारातच अडविण्याचा प्रकार झाला आणि त्यावर टीकाही झाली. तसले फर्मान आज कोणी काढत नाही; तरी ज्यांच्या घरी पाणी एक दिवसाआड येते आणि जुलाबाचा खरा धोका ज्यांच्या मुलांना आहे, अशी कुटुंबे रविवारच्या गर्दीत थोडीच असतात, हे आयोजकांनी प्रामाणिकपणे मान्य करावे. परंतु त्याच इमारतीत ती कुटुंबे निराळ्या दाराने रोज येतात. दारावरचे पहारेकरी, फरशी पुसणाऱ्या बाया, स्वच्छतागृहांतले कामगार, खाद्यदालनातले वाढपी, कपड्यांच्या दुकानांतल्या विक्रेत्या मुली, वाहनतळावरचे कर्मचारी आणि श्रीमंत घरच्या मुलांबरोबर आलेल्या सांभाळणाऱ्या बाया, हा सगळा वर्ग तेथेच असतो. केवळ त्याला थांबून ऐकण्याची मुभा नसते.

म्हणून व्यवस्थापनाकडे परवानगी मागतानाच दुसरी मागणी करावी : दुकाने उघडण्यापूर्वी, सकाळी हजेरी होते त्या वेळी, अर्धा तास कर्मचाऱ्यांसाठी, आणि तो अर्धा तास कामाच्या वेळात धरून. त्यांच्या मेळाव्यात भाषण आणखी लहान आणि कृती आणखी मोठी असावी. प्रत्येकाच्या हातात ओआरएसची पुडी द्यावी. पाणी उकळण्यास इंधन नसेल तर काय, घरात मोजमापाचे भांडे नसेल तर काय, हे प्रश्न त्यांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच काढावेत आणि सोडवावेत. लिटरची रिकामी पाण्याची बाटली मॉलमध्ये रोज शेकड्यांनी टाकली जाते. तीच स्वच्छ धुऊन माप म्हणून वापरता येते.

फळ कसे तपासावे

बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात सुमारे १.२ कोटी घरांत स्त्री-कार्यकर्त्या पाठवून चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांचे द्रावण प्रत्येक आईकडून तिच्या स्वतःच्या हातांनी करवून घेतले. त्या योजनेतील खरी दूरदृष्टी वेतनाच्या व्यवस्थेत होती : काही आठवड्यांनी दुसरे तपासनीस निवडक घरी जात, आईला ठरलेले दहा मुद्दे विचारीत, आणि तिला किती आठवले यावर शिकविणारीचा मोबदला ठरे. घरांची संख्या भरून काढणाऱ्या कार्यकर्तीपेक्षा जिच्या बाया विसरल्या नाहीत ती अधिक कमावीत असे.

मॉलमधल्या वक्त्याला मोबदला बहुधा नसतोच. पण तपासणीचा हा शिरस्ता त्याने जसाच्या तसा उचलावा. टेबलापाशी प्रत्येकाने एकदा पुडी फोडून, मोजून, कालवून दाखवावी, आणि चूक झाली तर ती तेथेच हसतमुखाने दुरुस्त करावी. ज्यांची राजी असेल त्यांचेच दूरध्वनी क्रमांक वहीत घ्यावेत, आणि महिनाभराने त्यांपैकी काहींना विचारावे : पुडीसाठी पाणी किती? उलटी झाली तर काय करावे? झिंक किती दिवस द्यावे? कोणत्या खुणा दिसल्या तर दवाखाना गाठावा? या चार प्रश्नांची बरोबर आणि चूक उत्तरे वेगवेगळी मांडून ठेवावीत. ज्या प्रश्नाला निम्म्याहून अधिक जण चुकले, तो भाग भाषणात नीट सांगितला गेला नाही असे समजून पुढच्या वेळी तेवढाच बदलावा, आणि जे बरोबर आले त्याला हात लावू नये.

असे दोन-तीन वेळा केले म्हणजे बारा मिनिटांचे भाषण आपोआप आठ मिनिटांवर येईल आणि टेबलापाशीचा वेळ वाढेल. त्यानंतर व्यवस्थापनाला अहवाल पाठवताना गर्दीचे छायाचित्र न जोडता, किती जणांनी द्रावण बरोबर केले आणि महिन्यानंतर कितींना ते आठवले, हे दोन आकडे जोडावेत. पुढच्या वर्षीची परवानगी मागण्यास तेवढा दाखला पुरेसा आहे.